नरक्याच्या ढलप्या आणि नंदुरबारचे वाणी

मंडळी, ही बातमी तुम्हीही वाचलेली असणार. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पाच-सहा ओळींत. नरक्याची अवैध वाहतूक, टेम्पो जप्त, दोघे ताब्यात. गाव बदलतं, तालुका बदलतो, बाकी मजकूर तोच. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: 'ही वनस्पती कॅन्सरवरील औषधासाठी वापरली जाते.'

बस्स. एवढंच. कोणतं औषध, ते लाकडात आहे हे कोणी शोधलं, कसं शोधलं, आणि ते कळल्यावर आपल्या डोंगरातल्या झाडाचं काय झालं, यातलं काहीच नाही. म्हणून आज जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

आधी झाडाबद्दल. नरक्या म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या सदाहरित, निमसदाहरित रानात वाढणारं लहानसं झाड. महाबळेश्वर, कोयना, चांदोली, आंबा, राधानगरी, आंबोली हा त्याचा मुलूख. वास घाण, म्हणून नाव नरक्या. काही ठिकाणी घाणेरा पण म्हणतात. (कुंपणावरची रंगीत फुलांची घाणेरी वेगळी, ती परदेशातून आलेली. गल्लत करू नका.) शास्त्रज्ञांनाही दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी लॅटिनमध्ये फिटिडा, म्हणजे दुर्गंधी, असंच नाव ठेवलं. आधी मॅपिया फिटिडा, आता नोथापोडायटिस निमोनियाना. माझ्या लहानपणी गावाकडं या झाडाला कोणी विचारत नव्हतं. आमचे तात्या म्हणायचे, "नरक्या व्हय? चुलीत घातला तर भाकरीला बी वास लागंल." इमारतीला नाही, अवजाराला नाही, फळ खायला नाही. असलं झाड राहतं निवांत, कारण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आता गोष्ट सह्याद्रीतून उचलून थेट अमेरिकेत नेतो. थोडा वेळ धीर धरा, परत घाटावरच येणार आहोत.

1950 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात मन्रो वॉल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. काम होतं कॉर्टिझोन बनवायला उपयोगी पडतील अशी रसायनं वनस्पतींत शोधायचं. त्यासाठी त्यांनी हजारो झाडाझुडपांचे अर्क काढून ठेवले होते. 1957 साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कामावरचे जोनाथन हार्टवेल त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्याकडे अर्क पडूनच आहेत तर आम्हाला थोडे द्या, कॅन्सर झालेल्या उंदरांवर तपासून बघतो. वॉलनी हजारेक अर्क पाठवले. त्यातला एक जबरदस्त निघाला. तो होता चीनमधल्या एका झाडाचा, कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'आनंदी झाड'. हे झाड कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी बागेत वाढलेलं होतं.

पण कृषी खात्याचं काम शेतीचं, कॅन्सरचं नाही. सरकारी खाती तिकडेही आपल्यासारखीच असतात! 1960 साली वॉल ते खातं सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथे त्यांनी नैसर्गिक रसायनांची प्रयोगशाळा उभी केली. दोन वर्षांनी, 1962 मध्ये, त्यांच्याकडे एक सहकारी आला. मनसुख वाणी. जन्म 1925, गाव नंदुरबार. तेव्हाचा पश्चिम खानदेश. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. (ते मराठी की गुजराती या वादात पडू नका. नंदुरबार सीमेवरच आहे, तिथे दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात.)

1963 च्या सुमारास त्यांच्या हातात त्या चिनी झाडाचं सुमारे 20 किलो लाकूड आणि साल आली. आणि खरी कहाणी इथून सुरू होते.

लाकूड म्हणजे काय? आपल्याला ते एकसंध दिसतं, पण त्यात शेकडो रसायनं असतात. मेण, तेलकट पदार्थ, राळ, साखरी, टॅनिन, रंगद्रव्यं, आणि त्या सगळ्या गर्दीत कुठेतरी अगदी चिमूटभर तो एक रेणू, ज्याने उंदराचा कॅन्सर थोपवला. तो रेणू दिसतो कसा हे माहीत नाही, नाव माहीत नाही, वजन माहीत नाही. यात्रेत हरवलेला माणूस शोधायचाय आणि तुमच्याकडे त्याचा फोटोही नाही. एवढंच माहीत आहे की तो जिथे असेल तिथे उंदीर जास्त जगतो.

मग करायचं काय? आधी लाकडाचा भुगा गरम हेप्टेनमध्ये उकळायचा. हेप्टेन हे पेट्रोलच्या जातकुळीतलं द्रावक. त्यात तेलं-मेणं उतरतात, ती बाजूला काढायची. मग उरलेला भुगा अल्कोहोलमध्ये. हा अल्कोहोलचा अर्क आटवायचा आणि त्यात पाणी आणि क्लोरोफॉर्म घालून हलवायचा. मटणाच्या रश्श्यावर तर्री येते बघा. तिखटाचा रंग तेलात जातो, मीठ खाली पाण्यात राहतं. कोणी कुणाला सांगत नाही, ज्याला जे द्रव मानवतं तो तिकडे जातो. इथे तसंच. फक्त क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तर्री खाली बसते.

पण एकदा हलवून भागत नाही. दोन रसायनं जवळजवळ सारख्या आवडीची असली तर दोन्ही एकाच थरात जाऊन बसतात. त्यासाठी लायमन क्रेग या शास्त्रज्ञाने बसवलेली काचेच्या नळ्यांची एक रांग होती. एका नळीत हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, एक थर पुढच्या नळीत सरकवायचा, तिथे ताजं द्रव, पुन्हा हलवायचं, पुन्हा सरकवायचं. प्रत्येक पायरीला आवडीतला बारीकसा फरक वाढत जातो आणि शेवटी वेगवेगळ्या नळ्यांत वेगवेगळी रसायनं गोळा होतात. याला काउंटरकरंट म्हणतात. आज यंत्रं आहेत, बटण दाबलं की स्क्रीनवर शिखरं उमटतात. तेव्हा हे काम हाताचं आणि संयमाचं होतं.

आणि आता वॉल-वाणींच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट. प्रत्येक वाटणी झाली की प्रत्येक भाग परत रक्ताच्या कॅन्सरच्या उंदरांवर तपासायचा. ज्या भागाने गुण आला तो पुढे न्यायचा, बाकीचे ठेवून द्यायचे. म्हणजे वाट दाखवणार उंदीर. दिसायला सुंदर स्फटिक मिळाले म्हणून त्यांच्यामागे जायचं नाही. यात वेळ फार जातो, पण चूक होत नाही.

माझ्या मते याच शिस्तीमुळे ते रसायन सापडलं. कारण नायट्रोजन असलेली अशी वनस्पती-रसायनं, ज्यांना अल्कलॉइड म्हणतात, ती काढायची ठरलेली वाट म्हणजे आम्लात विरघळवून त्यांचा क्षार करणं. कुनैन, अफूतलं मॉर्फिन सगळं या वाटेने निघालं. पण हे रसायन अल्कलॉइड असूनही आम्लाबरोबर धड क्षारच बनवत नव्हतं. पुस्तकी वाटेने गेले असते तर ते सगळ्यात गुणकारी भाग मोरीत ओतून मोकळे झाले असते.

शेवटी फिकट पिवळे स्फटिक हाती आले. नाव ठेवलं कॅम्प्टोथेसिन. रक्ताचा कॅन्सर असलेले उंदीर या औषधावर जवळपास दुप्पट जगत होते.

पण वेगळं काढलं म्हणजे ओळखलं असं नाही. अणू किती आणि कसे जोडलेत ते कळायला हवं. त्यासाठी त्या रेणूला आयोडिनचा एक जड अणू चिकटवून त्याचे स्फटिक बनवले आणि इलिनॉय विद्यापीठातल्या मॅकफेल आणि सिम यांनी त्यांवर क्ष-किरण सोडले. जड अणू क्ष-किरणांत ठळक दिसतो, त्याच्या आधाराने बाकीच्यांच्या जागा काढता येतात. 20 कार्बन, 16 हायड्रोजन, 2 नायट्रोजन, 4 ऑक्सिजन, एकाला एक चिकटलेली पाच कडी. 1966 साली हे छापून आलं.

याच जोडीने पुढे प्रशांत किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं. 12 किलो सालीतून अर्धा ग्रॅम! त्याची रचना 1971 साली प्रसिद्ध झाली. कॅन्सरची दोन मोठी औषधं, दोन्ही झाडातून, दोन्हींच्या शोधनिबंधावर नंदुरबारच्या माणसाचं नाव. 2000 साली दोघांना कॅन्सर संशोधनासाठीचा केटरिंग पुरस्कार मिळाला. वॉल 2002 ला गेले, वाणी एप्रिल 2020 मध्ये. जग तेव्हा दाराला कड्या लावून घरात बसलं होतं. आपल्याकडे किती जणांना कळलं हा प्रश्न मी विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे.

आता परत मुंबईत या. गोरेगावला सीबा या स्विस कंपनीचं संशोधन केंद्र होतं. त्याचे संचालक टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले, भारतीय वनस्पतींच्या रसायनशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या या घाणेरड्या वासाच्या नरक्याचा अर्क काढला, भाग वेगळे केले, आणि त्यात सापडलं कॅम्प्टोथेसिन. तेच. चिनी आनंदी झाडातलं. 1972 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, सोबत त्याचं एक भावंडही, 9-मेथॉक्सी कॅम्प्टोथेसिन.

यातलं आश्चर्य कळायला हवं. ही दोन झाडं एकमेकांची नातेवाईक नाहीत. कुळं वेगळी, देश वेगळे. तरी दोघांच्या लाकडात एकच अवघड रेणू. आणि आपल्या झाडात तो चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. एक टन वाळक्या लाकडामागे एखाद-दोन किलो, असा हिशोब बसतो. यू झाडाच्या अर्ध्या ग्रॅमशेजारी हा आकडा ठेवून बघा, म्हणजे व्यापाऱ्याच्या डोळ्यात चमक का आली ते कळेल.

पण 1972 साली कोणाच्याच डोळ्यात चमक आली नाही. कारण नेमक्या त्याच साली अमेरिकेत या औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या बंद पडल्या. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, मग शिरेतून द्यायचं कसं? डॉक्टरांनी त्याचं सोडियमचं रूप बनवलं. विरघळलं, पण तसं करताना त्या रेणूचं पाचवं कडं उघडलं आणि गुणाचा मोठा हिस्सा तिथेच गेला. डोस वाढवला तर मूत्राशयातून रक्तस्राव, जुलाब. रोग्यांचे हाल झाले. फाईल बंद.

म्हणजे गोरेगावचं संशोधन छापलं गेलं तेव्हा त्या ज्ञानाला बाजारात किंमत शून्य होती. नरक्या आणखी काही वर्षं वाचला, तो असा.

फाईल उघडली 1985 साली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लिरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे रसायन नेमकं करतं काय. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ उलगडावा लागतो. सुंभाची दोरी एका टोकाने उलगडायला घ्या, पुढे पीळ आवळत जातो. तो सोडवायला पेशीत एक विकर असतं, टोपोआयसोमरेज. ते एक पदर कापतं, पीळ सुटू देतं, पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापण्याच्या आणि जोडण्याच्या मधल्या क्षणी तिथे पाचर मारून बसतं. पदर तुटलेलाच राहतो, पेशी मरते. सतत दुप्पट होणाऱ्या कॅन्सरच्या पेशी आधी मरतात.

असं काम करणारं दुसरं औषध तेव्हा नव्हतं. मग धावपळ. मूळ रेणूला थोडे बदल करून पाण्यात विरघळणारी रूपं बनवली गेली. जपानमधून इरिनोटेकॅन, अमेरिकेतून टोपोटेकॅन. 1996 साली अमेरिकेत दोन्हींना मंजुरी मिळाली. आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटेकॅन आज कोल्हापूर-सांगलीपासून मुंबईपर्यंत सर्रास देतात. तुमच्या नात्यातल्या कोणाला केमो लागली असेल तर बाटलीवर हे नाव पाहिलंही असेल. अलीकडे स्तनाच्या कॅन्सरवर ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन नावाचं महागडं औषध आलंय, त्यातला मारक भागही याच घराण्यातला.

आणि या औषधांचा कच्चा माल कुठून? प्रयोगशाळेत हा रेणू पहिल्यापासून बांधता येतो, ते 1970 च्या दशकातच करून झालंय. पण परवडत नाही. झाडातून काढलेलंच स्वस्त. म्हणून चीनने आपल्या आनंदी झाडाची लागवड केली. आणि आपण? आपण कुऱ्हाड घेतली.

गावाकडं तेव्हा काय झालं ते मी थोडंफार पाहिलंय. कोणीतरी एजंट आला, झाड दाखवलं, किलोवर भाव सांगितला. कशासाठी हवंय ते सांगितलं नाही. ज्याला चुलीतही कोणी घालत नव्हतं त्याचे पैसे मिळतायत म्हटल्यावर पोरं रानात शिरली. पानांपेक्षा खोडात आणि मुळात माल जास्त, म्हणून झाड नुसतं तोडायचं नाही, मुळासकट उपटायचं. बुंधा राहिला असता तर फुटवे तरी आले असते. ढलप्या करून वाळवायच्या, पोत्यात भरायच्या, रात्री गाडी यायची. तात्यांना एकाने विचारलं, "तात्या, एवढं काय असतंय ओ ह्यात?" तात्या म्हणाले, "मला काय ठावं बाबा. ज्येला ठावं हाय त्यो सांगत न्हाई."

मला हे वाक्य विसरता येत नाही. कारण ज्याला ठाऊक होतं त्याने सांगितलेलं होतं, 1972 सालीच. फक्त इंग्रजीत, शास्त्रीय नियतकालिकात. गोविंदाचारींनी काही लपवलं नाही, वाणींनीही नाही. शास्त्रज्ञाने छापलं, कंपनीने वाचलं, व्यापाऱ्याला कळलं. झाडाशेजारी राहणाऱ्याला कळलं ते थेट गुन्हा दाखल झाल्यावर.

इथे टॅक्सॉलशी तुलना करतोच. त्या यू झाडाची साल ओरबाडायला सुरुवात झाल्यावर अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. एका बाजूला कॅन्सरचे रुग्ण, दुसऱ्या बाजूला जंगलवाले, दोघांचंही बरोबर. 1992 साली तिथल्या संसदेने खास त्या झाडासाठी कायदा केला. त्याच्या आधीच फ्रान्समधल्या संशोधकांना युरोपातल्या यूच्या पानांत टॅक्सॉलच्या जवळचा रेणू सापडला होता. पानं खुडली तर झाड मरत नाही. त्या रेणूपासून टॅक्सॉल बनवायची रीत बसली आणि साल सोलायची गरज संपली. म्हणजे रसायनशास्त्राने झाडावर संकट आणलं आणि रसायनशास्त्रानेच ते सोडवलं. पण मध्ये लोकांनी आरडाओरडा केला, सरकारने लक्ष घातलं, हे विसरू नका.

नरक्यासाठी तसा आवाज उठला नाही. काम झालं नाही असं नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनी घाटातली झाडं तपासून दाखवलं की काही झाडांत कॅम्प्टोथेसिन इतरांच्या कितीतरी पट असतं. म्हणजे नेमकी झाडं निवडून त्यांच्या बियांची रोपं केली तर थोड्या लागवडीत भागेल. सरसकट तोडीत नेमकी हीच झाडंही गेली, हे वेगळं सांगायला नको. 2005 साली जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी वेगळी काढली, जी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. वाटलं, आता झाडाची गरजच नाही, टाकीत बुरशी वाढवा. पण अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यान् पिढ्या वाढवल्या की उत्पादन घसरत जातं. अजून ते कोडं सुटलेलं नाही.

आणि कायदा? 2002 चा जैवविविधता कायदा आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती, गावाची लोकजैवविविधता नोंदवही, व्यापारी वापरातून गावाला लाभाचा वाटा. कागदावर छान आहे. पण वाटा मागायला आधी गावाला ठाऊक हवं ना की आपल्याकडे आहे काय! मी दोन-तीन गावांच्या नोंदवह्या पाहिल्या. नरक्यापुढे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, आणि उपयोगाच्या रकान्यात 'औषधी'. हळदीपुढेही तेच, तुळशीपुढेही तेच.

पकडलेल्या पोत्यांचंही तसंच. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या ढलप्या. वनरक्षकाने झाड ओळखायचं कशावरून? पुढे कोर्टात वकील म्हणणार, हे सरपण आहे साहेब. खरं तर वॉल-वाणींना जे करायला वर्षं लागली ते आज एका साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका दिवसात तपासता येईल. ढलपीचा थोडा अर्क, काचेच्या पातळ थराच्या पट्टीवर एक ठिपका, शेजारी शुद्ध कॅम्प्टोथेसिनचा ठिपका, पट्टी द्रावकात उभी करायची आणि मग अतिनील दिव्याखाली धरायची. कॅम्प्टोथेसिन त्या प्रकाशात निळं चमकतं. दोन्ही निळे ठिपके एकाच उंचीवर आले तर सरपणाची गोष्ट तिथेच संपते. पक्क्या पुराव्यासाठी नमुना मोठ्या यंत्रावर पाठवता येईल, पण पहिली चाळणी तालुक्याच्या गावी होऊ शकते. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत आणि तळकोकणातही विज्ञान शाखेची कॉलेजं आहेत, तिथे दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत फिरणारी पोरं आहेत. वनखात्याने आणि कॉलेजांनी एकमेकांना एक पत्र लिहायचा अवकाश आहे.

येत्या ग्रामसभेला आमच्या गावच्या नोंदवहीत नरक्यापुढचा 'औषधी' हा शब्द खोडून तिथे पूर्ण नोंद घाला, असा अर्ज मी देणार आहे. कॅम्प्टोथेसिन, कोणत्या भागात, कोणी कधी शोधलं, कोणत्या औषधाला लागतं, सगळं मराठीत. तात्या आता नाहीत. पण ज्याने त्यांना तो प्रश्न विचारला होता तो आता पंचायतीत सदस्य आहे, अर्जावर पहिली सही त्याचीच घेतली. तुमच्या गावच्या वहीत काय लिहिलंय ते बघून खाली सांगा. अर्जाचा नमुना हवा असेल तर तोही टाकतो.